बोव्हेचं कथीड्रल: हव्यास नडला की हिशोब चुकला?

ओसरी:
फ्रान्समधल्या गॉथिक (मध्ययुगातली उंच, टोकदार कमानींची शैली) कथीड्रलांची, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चांची, नावं निघाली की सगळे भारावून बोलतात, म्हणून मुद्दाम बोव्हेचा विषय काढतोय. पॅरिसच्या उत्तरेचं हे छोटंसं शहर. १२२५ साली कथीड्रलचं काम सुरू झालं. तेव्हा जो तो शेजारच्या शहरापेक्षा उंच जायच्या नादात होता. पॅरिसच्या नोत्र दामचं छत ३३ मीटरच्या आसपास, रँसचं ३८, आमियाँचं ४२. बोव्हेने थेट ४८ गाठले. १२७२ मध्ये वेदीकडचा भाग पुरा झाला आणि १२८४ मध्ये त्याचं दगडी छत कोसळलं. एवढ्यावर शहाणपण यावं की नाही? सोळाव्या शतकात पुन्हा १५३ मीटरचा मनोरा चढवला. १५६९ मध्ये पुरा, १५७३ मध्ये जमीनदोस्त. तोही असेन्शनच्या (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या) सणाच्या दिवशी! लोक मिरवणुकीने नुकतेच बाहेर पडले होते म्हणून वाचले. सभामंडप, म्हणजे सामान्य भाविक जिथे उभे राहणार तो भाग, आजतागायत बांधलेला नाही.

माझं मत सरळ आहे: ही भक्ती नव्हे, मिरवायची हौस. आणि तिची किंमत मंडपाने मोजली.

चुनाभट्टी:
स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून पोटतिडकीने विरोध नोंदवतो. ‘उंच होतं म्हणून पडलं’ हे ऐकायला बरं वाटतं, पण दगडी कमानींचं गणित तसं नसतं. एवढ्या उंचीवरही खांबाच्या दगडावर येणारा दाब तो चिरडायला लागेल त्याच्या जवळपासही जात नाही. प्रश्न असतो तो रेट्याचा. छताचा बाहेर ढकलणारा रेटा बाजूच्या कमानी टेकूंतून (फ्लाइंग बट्रेस) दगडाच्या आतल्या आत जमिनीपर्यंत पोचला पाहिजे. तो दगडाबाहेर गेला की संपलं, मग छत २० मीटरवर असो की ४८.

दुसरं, नुसत्या वजनाने पडायचं असतं तर खालचा लाकडी साचा काढला तेव्हाच पडलं असतं. हे बारा वर्षं उभं राहिलं. प्रिन्स्टनच्या रॉबर्ट मार्क यांनी १९७०च्या दशकात इपॉक्सीची प्रतिकृती करून, तिच्यावर वाऱ्याइतका भार टाकून, ध्रुवीकृत प्रकाशात ताण तपासले. त्यांच्या मते टेकूंच्या रांगेतल्या मधल्या खांबांत वाऱ्याने ओढून फाकवणारा ताण येत होता. चुन्याचा सांधा अशा ताणाला कच्चा, तो हळूहळू उघडत गेला असावा. याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, पण ‘गर्वाचं घर खाली’ हे काही इंजिनिअरिंगचं कारण नव्हे.

ओसरी:
बरं, हिशोब चुकला म्हणू. पडल्यावर काय केलं? पुन्हा त्याच उंचीला बांधलं! याला हट्ट नाही म्हणायचं तर काय?

चुनाभट्टी:
बांधलं, पण जुन्या खांबांच्या मधोमध नवे खांब घालून, अंतरं निम्मी करून. आत उभं राहून वर पाहिलं की आधी चार फाकांची (बरगड्यांमधल्या भागांची) असलेली छतं सहा फाकांची कशी झाली ते दिसतं. चुकीतून शिकण्याचा याहून ढळढळीत पुरावा कुठे मिळेल? ते छत आजही तिथेच आहे.

तिसरी_घंटा:
दोघंही दगडातच अडकलात. पैशाचं बोला. १२३३ मध्ये याच बोव्हेत दंगल झाली, राजाने बाहेरगावचा महापौर लादला म्हणून. हा राजा, नववा लुई, जातीने आला, लोकांना पकडलं, घरं पाडली. बिशप म्हणाला, इथे न्याय करायचा हक्क माझा. झालं, राजाने बिशपच्याच मिळकतीवर टाच आणली. त्याच सुमारास रँसच्या नागरिकांनीही उठाव केला आणि तिथलं बांधकाम थांबलं. ‘अख्खं गाव श्रद्धेने दगड वाहत होतं’ हे चित्र शार्त्र या दुसऱ्या फ्रेंच कथीड्रलच्या ११४५च्या वर्णनांवरून सगळीकडे चिकटवलंय. उधळपट्टी तेव्हाच्या लोकांनाही दिसत होतीच की. खुद्द पॅरिसच्या नोत्र दामचा पीटर हा धर्मपंडित (मृत्यू ११९७) चर्चच्या डामडौलावर सडकून टीका करत होता.

पायरी_नंबर_नऊ:
एक बाळबोध शंका. आपला राजाबाई टॉवरही गॉथिकच ना? तो बरा पडला नाही!

तिसरी_घंटा:
तो १८७८चा, एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिकच्या पुनरुज्जीवनातला. वास्तुरचनाकार गिल्बर्ट स्कॉटने मुंबईत पाऊल न टाकता लंडनहून नकाशे पाठवले. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे आधीच गर्दी आहे.

चुनाभट्टी:
आता मनोऱ्याबद्दल. तिथे मी ओसरींच्या बाजूला थोडा सरकतो, पण कारण माझंच. मनोरा उभा होता चार मोठ्या खांबांवर. पूर्वेला वेदीकडचा भाग, उत्तर-दक्षिणेला क्रुसाच्या आकाराच्या इमारतीचे आडवे हात, असा तीन बाजूंनी आधार. पश्चिमेला मंडप हवा होता, तिथे मोकळी हवा! पडण्याच्या दोन वर्षं आधी राजाच्या गवंड्यांनी पाहणी करून खांब कलल्याचं सांगितलं होतं. चर्चेत वेळ गेला आणि डागडुजीला हात लागतो न लागतो तोच मनोरा आला खाली. मंडप असता तर तोच टेकू झाला असता.

ओसरी:
मग मी वेगळं काय म्हणत होतो? आधी मंडप की आधी मनोरा, हे ठरवताना कोणी भूमिती विचारात घेतली नव्हती. लांबून दिसतं ते आधी बांधलं.

चुनाभट्टी:
एका निर्णयावरून साडेतीनशे वर्षांच्या कामाला हावरट ठरवू नका. मधे इंग्रजांशी शतकभराचं युद्ध झालं, काम रखडलं, तेही हट्टामुळेच का? आणि तज्ज्ञांचा इशारा दर वेळी खरा ठरतो असंही नाही. मिलानचं कथीड्रल बांधताना १४०० साली पॅरिसहून बोलावलेला झाँ मिन्यो ओरडून सांगत होता की शास्त्राविना कला म्हणजे शून्य, ही इमारत पडणार. स्थानिकांनी त्याला घरी पाठवलं. मिलान उभं आहे.

तिसरी_घंटा:
आणि बोव्हेही उभं आहे ते लोखंडाच्या जिवावर, हे कोणीच बोलत नाही. टेकूंना एकमेकांशी बांधणाऱ्या सळ्या होत्या. १९६०च्या दशकात त्या कुरूप दिसतात म्हणून काढल्या, तर इमारत वाऱ्यात हलायला लागली. मुकाट्याने परत बसवाव्या लागल्या.

चुनाभट्टी:
म्हणजे विसाव्या शतकातल्या शहाण्यांनाही सळ्या काढल्यावरच कळलं. मग तेराव्या शतकातल्या गवंड्याने नक्की कितव्या मीटरला थांबायचं होतं, ते एकदा सांगा.

ओसरी:
गवंड्याला कोण विचारतंय? पैसे मंजूर करणाऱ्यांबद्दल बोलतोय मी. ४८ मीटरचं एक वेळ सोडून देतो. १५३चं उत्तर अजून तुमच्याकडून आलेलं नाही.