हायब्रीडवर कॅरियर, रुंद टायर आणि मोठा स्पॉयलर: हौस करावी की गाडी आहे तशी ठेवावी?

जुळे_सोलापूर_टॉवेलवाला
अडीच वर्षांपूर्वी टोयोटाची हायरायडर घेतली, स्ट्राँग हायब्रीड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्हींवर चालणारी. टॉवेलचे नमुने घेऊन दर आठवड्याला पुण्याला जातो. कागदावर ॲव्हरेज लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, पण हायवेवर मी कायम ९०-९५ ने चालवतो, त्यामुळे टाकी फुल करून मोजलं की २४ पडायचं. त्यावर मी खूश होतो.

दिवाळीत मुलाने पहिल्या पगारातून गाडीची हौस केली. छतावर कॅरियर, मागे मोठा स्पॉयलर (डिकीच्या वर बसवतात तो पंख) आणि २१५/६० च्या जागी २३५/६० चे टायर (पहिला आकडा मिलिमीटरमध्ये रुंदी, दुसरा टायरच्या कडेची उंची रुंदीच्या किती टक्के ते). गाडी रुबाबदार दिसते, नाही म्हणत नाही. पण लागोपाठ चार टाक्या मोजल्या, ॲव्हरेज १९.८. मोहोळ सोडून काटा ८५ च्या पुढे गेला की छतावर शीळ सुरू होते, ती थेट टेंभुर्णीपर्यंत.

माझं मत स्पष्ट आहे. हायब्रीडच्या बॉडीला हात लावू नये. गाडी जड असली तर वेग घ्यायला जास्त ताकद लागते, पण ब्रेक मारला की त्यातली काही बॅटरीत परत येते. हवा कापायला खर्च केलेली ताकद कधीच परत येत नाही. हायवेवर तासभर ब्रेकला पाय लागत नाही, म्हणजे तिथे हायब्रीडचा निम्मा फायदा तसाही बंद असतो आणि उरतं ते हवेशी झगडणं. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. अशा गाडीच्या डोक्यावर आपणच लोखंडी पाळणा का ठेवायचा?

विजापूर_रोड_हायब्रीड
काका, मी पूर्ण विरोधात आहे. माझीही हायब्रीडच आहे. सात रस्ता, आसरा, होटगी रोड, दिवसभर गावातच फिरते. ३०-३५ च्या वेगाला हवेचा विरोध असून नसल्यासारखा. माझ्या गाडीलाही स्पॉयलर आहे, ॲव्हरेज जसं होतं तसंच आहे. तुमचा नियम पुण्याच्या रस्त्याचा आहे, सगळ्यांना लावू नका.

दुसरं, तुमचा हिशोबही चुकतोय. २३५/६० चा टायर मूळच्या टायरपेक्षा २४ मिलिमीटर उंच आहे, म्हणजे साडेतीन टक्के. चाकाचे फेरे कमी होतात आणि मीटर किलोमीटर कमी दाखवतो. तुमचं १९.८ खरं तर साडेवीस आहे.

आणि दिसण्याला किंमत नाही असं कोण म्हणतं? टोयोटाचीच हायब्रीड प्रियस १९९७ पासून आहे. हवेसाठी घासून घासून चौथ्या पिढीत तिचा ड्रॅगचा आकडा (आकारामुळे हवा किती अडते त्याचं माप, कमी तितकं चांगलं) ०.२४ वर आणला. पाचव्या पिढीत कंपनीनेच तो ०.२७ होऊ दिला, कारण गाडी देखणी करायची होती. ज्यांनी आयुष्य त्यात घालवलं त्यांना दिसणं महत्त्वाचं वाटतं, मग आपल्या पोराने हौस केली तर बिघडलं कुठे?

जुळे_सोलापूर_टॉवेलवाला
टायरचं पटलं. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, आभार. तरी २४ चे साडेवीस झालेच ना!

प्रियसचं मात्र अर्धंच सांगितलंत. नव्या प्रियसचं छत ५० मिलिमीटर खाली आणलं आहे. नुसता ०.२७ बघून चालत नाही, समोरून गाडी हवेत किती जागा अडवते त्याने गुणावं लागतं. त्यांनी एकीकडे सोडलं ते दुसरीकडे थोडं वसूल केलं. आपण कॅरियर लावतो तेव्हा दोन्ही आकडे वाढवतो. आणि चाकांचं बघा. २०२३ च्या त्याच प्रियसला, त्याच इंजिनाला, अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत १७ इंची चाकांवर गॅलनला ५७ मैल मिळाले, १९ इंची चाकांच्या वरच्या मॉडेलला ५२. रुबाबाची किंमत तिथेही मोजावीच लागली.

अक्कलकोट_रोड_एमआयडीसी
शिळेचं मी सांगतो, माझ्याही कॅरियरला होती. गोल दांडीवरून हवा जाताना मागे एकसारखे भोवरे सुटतात, एकदा वर, एकदा खाली, त्याचा तो आवाज. मी कारखान्यातलं जाड सूत घेतलं आणि पुढच्या दांडीला चार-चार बोटांवर तिरके वेढे देत या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळलं, वरून टेप मारली. भोवऱ्यांची लय मोडते, शीळ गेली. पण आवाज गेला म्हणजे विरोध गेला असं समजू नका. मी तसंच समजून वर्षभर रिकामं कॅरियर घेऊन फिरलो. गरज संपली की काढून ठेवा, चार बोल्टचं काम आहे.

स्पॉयलरवर माझं मत मधलं आहे. वुनिबाल्ड काम नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९३० च्या दशकात दाखवलं की मागचा भाग उतरता ठेवून एकदम कापला तरी हवा नीट सुटते. हायब्रीडच्या मागची ती धारदार कड त्यासाठीच असते. कंपनीचा छोटा स्पॉयलर ती कड आणखी मागे वाढवतो. बाजारातला पंख तिच्यावर उभा राहतो आणि हवा फाडतो.

होटगीकर
बॉडीवर एवढं बोलताय, आतलंही बघा. अनेक हायब्रीड गाड्यांत बॅटरी गार ठेवायची हवा केबिनमधूनच घेतात, प्रियसमध्येसुद्धा. मागच्या सीटच्या बाजूला छोटी जाळी असते. मी सीट कव्हर शिवून घेतले तेव्हा कारागिराने ती जाळी रेक्झिनखाली पार झाकली. मलाही कळलं नाही. मे महिन्यात दुपारी मागून पंख्याची घरघर ऐकू यायला लागली, तेव्हा हात घालून पाहिलं. ब्लेडने चौकोन कापला, जाळीवर बोटभर धूळ आणि लिंट. सोलापूरच्या ४२ डिग्रीत बॅटरीचं नाक दाबून ठेवलं होतं मी. स्पॉयलरने दोन लिटर पेट्रोल जाईल, हे तर बॅटरीवर बेततं. ज्यांनी कव्हर घातलेत त्यांनी आजच बघा.

विजापूर_रोड_हायब्रीड
होटगीकर, लगेच खाली जाऊन बघितलं. अर्धी जाळी झाकलेली होती. कापली.

कायद्याचंही कोणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की नोंदणीतल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. पुढचे लोखंडी गार्ड तर मी हौशी असूनही कोणाला लावू देत नाही, समोरच्या माणसाचा जीव जातो.

पण काका, माझं पहिलं म्हणणं कायम आहे. पोराने पहिल्या पगारातून लावलंय. आकडे दाखवून काढायला लावू नका, त्याला शेजारी बसवून मोजा.

जुळे_सोलापूर_टॉवेलवाला
काल रात्री जेवताना त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला. तो म्हणाला, कॅरियर काढू, पण स्पॉयलर राहू दे. मीही हो म्हणालो, एका वेळी एकच गोष्ट बदलली तर खरं कळेल. टायर तेच ठेवतोय, किलोमीटरमध्ये साडेतीन टक्के मिळवून धरणार. शनिवारी पहाटे पाचला निघतोय, गाडी तो चालवणार, वेग ९० च्या वर नाही. जाताना-येताना एकाच पंपावर, एकाच नळीवर टाकी भरणार. वहीत आकडे तोच लिहील, रविवारी रात्री इथे टाकतो.