अनुभव धागा: कोकणातल्या घरात पैसा कधी येतो आणि कधी लागतो?

सड्यावरचा (राजापूर)

महागाईबद्दल आमच्या घरात सगळ्यांचं एकमत आहे. भांडणं होतात ती तारखांवरून. आंब्याचे पैसे मे संपता संपता हातात पडतात आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच शाळेची फी, वह्या-पुस्तकं, भाताचं बियाणं, खत, कौलं चाळणं आणि आगोटीचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान एकदम दारात उभं राहतं. आषाढात डबा रिकामा आणि पुढ्यात गणपती. त्यानंतर भरीव रक्कम दिसणार ती थेट पुढच्या मेमध्ये. वीजबिल, रिचार्ज, गॅस आणि दुचाकीचा हप्ता यांना मात्र हंगाम नसतो.

माझं म्हणणं असं, की कोकणात पैसा थोडा की फार हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न हा, की लागतो तेव्हा तो नसतो. पटत नसेल तर जरूर खोडून काढा. तुमच्याकडे पैसा कुठून येतो, कुठल्या महिन्यात, मधले महिने कसे निघतात, आणि लांब कुठेतरी काही घडलं म्हणून घरचा हिशोब कधी हलला, ते लिहा. गाव किंवा तालुका सांगा. बँका, पतपेढ्या, दलाल यांची नावं नकोत, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.

कलमी (देवगड)

'आंब्याचे पैसे मेमध्ये येतात' हे बरोबर, पण खर्च आदल्या पावसातच सुरू झालेला असतो. जुलै-ऑगस्टात बुंध्याशी कल्टार (मोहोर यावा म्हणून घालतात ते औषध), मग खतं, साफसफाई, आणि मोहोर दिसू लागला की फवारण्या. पूर्वी तुडतुड्याची भीती होती, आता थ्रिप्स या किडीनं उच्छाद मांडलाय. औषध बदलत राहावं लागतं आणि नवं औषध आधीच्यापेक्षा महागच असतं. राखणीला नेपाळी कुटुंब ठेवतो, त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला. ही दरी भरायला दोन वाटा आहेत, पीककर्ज नाहीतर दलालाची उचल. उचल घेतली की माल त्यालाच. वाशीला पेट्या गेल्या, भाडं-हमाली वजा होऊन पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, आली, की भाव का पडला हे विचारायची सोय उरत नाही. त्याचेच पैसे आपण खाऊन बसलेलो असतो.

भाव खातात त्या फेब्रुवारी-मार्चच्या पेट्या. मेमध्ये माल एकदम उतरतो, आणि डागी, बारीक फळ कॅनिंगला किलोवर जातं. आमचं वर्ष पहिल्या तोडीवर ठरतं. मुंबईकरांना आंबा आठवतो मेमध्ये!

बदल झाला तो २०२० च्या टाळेबंदीत. बाजार धड चालू नाही, धड बंद नाही, म्हणून मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांना थेट पेट्या द्यायला लागलो. हापूसला भौगोलिक मानांकन २०१८ मध्येच मिळालं होतं, पण त्याचं काम तेव्हा कळलं, कारण 'देवगडचाच कशावरून?' हा प्रश्न थेट आम्हाला यायला लागला. आता बराचसा माल असाच जातो आणि पैसे त्याच दिवशी फोनवर येतात. उचल बंद केलेली नाही, कमी केलीय. ज्या वर्षी फळ मुबलक येतं त्या वर्षी दलालच माल उचलतो, सोसायटीवाले नाहीत.

विम्याबद्दल थोडं. फळपीक विमा हवामानावर आधारलेला आहे. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर पाऊस-तापमानाची जी नोंद होते ती धरतात. केंद्र वर सड्यावर, आमची बाग खाली खाडीलगत. केंद्रावरचा आकडा आमच्या मोहोराला विचारून निघत नाही.

हर्णैची

आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. कागदावर दोन महिने, पण दर्या खवळलेला असला तर नारळी पौर्णिमेआधी कोण बोट काढतं? आणि खर्च बंदीतच जास्त. जाळी, इंजिन, रंग, शिवाय खलाशांना पुढच्या हंगामाची उचल. ती दिली नाही तर खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर दिसतात. हंगाम सुरू झाला की डिझेल, बर्फ आणि बोटीवरचं राशन. डिझेलवरचा व्हॅट मच्छीमारांना परत मिळतो, पण पंपावर पुरे पैसे आज मोजायचे आणि परतावा मागाहून. मागाहून म्हणजे कधी ते विचारू नका.

मग जून-जुलैत चूल कशावर पेटते? सुकटीवर. आई आणि काकू उन्हाळाभर जवळा, कोळंबी, बांगडे वाळवतात, आणि मेमध्ये आगोटीसाठी वरच्या गावांतली माणसं खरेदीला येतात. हा पैसा बायकांच्या हातातला. बोटीचे आकडे पुरुष चारचौघांत सांगतात, सुकटीचे कोणी विचारत नाही. २०२५ च्या मेमध्ये पाऊस विशीच्या आसपासच कोसळायला लागला आणि २५ तारखेला तर मोसमी पाऊस तळकोकणात दाखलच झाला. पसरलेली सुकट भिजली, तिला वास मारायला लागला, गिऱ्हाईकही फिरकलं नाही. पावसाळ्यातलं किराणा सामान उधारीवर आणलं आणि गणपतीनंतर फेडलं. पंचनामा आंब्याचा होतो, पडलेल्या घराचा होतो. सुकटीचा झालेला मी तरी ऐकलेला नाही.

निसर्ग वादळाचं नारळ-सुपारीच्या वाडीवाल्यांनी लिहावं, त्यांचं दुखणं लांबलं.

पोफळी (श्रीवर्धन)

वर बोलावलंय म्हणून लिहितो. ३ जून २०२० पर्यंत आमच्या घरात 'मधले महिने' हा प्रकारच नव्हता. सुपारी वाळवून ठेवता येते. फी भरायची आहे, काढा एक पोतं. दवाखाना आहे, काढा अर्धं. नारळही वर्षभर उतरतो. एका दुपारी वाडी आडवी झाली आणि आम्हीही इतरांसारखे तारखा मोजायला लागलो. नवी पोफळ लावली की पहिलं उत्पन्न दिसायला पाच-सात वर्षं लागतात, माडाला त्याहून जास्त. भरपाई आधी हेक्टरी जाहीर झाली. इथे वाड्या गुंठ्यांत, हेक्टर आणायचा कुठून? मग झाडामागे हिशोब झाला. मुलगा पनवेलला नोकरीला लागला, त्याच्या पगारावर पाच वर्षं काढली. २०२५ मध्ये नारळाचा भाव कधी नव्हे इतका वर गेला आणि विकायला आमच्याकडे नारळ थोडे.

पगारदार (रत्नागिरी)

मूळ मुद्दा मला अर्धाच पटतो. माझा पगार दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येतो आणि तरीही पुरत नाही, कारण आमच्या बारा माणसांच्या घरात पगारी माणूस मी एकटी. दिराच्या टेम्पोचं कर्ज माझ्या पगारपत्रकावर, नणंदेच्या लग्नाचं कर्ज माझ्या नावावर, सासऱ्यांच्या बागेच्या कर्जाला जामीन मीच. आंबा आला की मला परत करतात, नाही आला तर 'पुढच्या वर्षी'. हंगामी घरातलं एकमेव मासिक उत्पन्न म्हणजे घरची बँकच, फरक इतकाच की बँक व्याज घेते आणि तिला कोणी पोळ्या लाटायला सांगत नाही.

सोन्याचंही लिहिते. २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला. त्याच बांगड्यांवर आधीच्यापेक्षा जास्त कर्ज मिळतं म्हणून घरात सगळे खूश. बांगड्या वर्षातले किती दिवस माझ्या हातात असतात, हे कोणी विचारलेलं नाही.

सड्यावरचा

पगारदार ताई, अर्धं पटलं तरी पुष्कळ! पण तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे असं वाटतं.

खाडीपलीकडे (खेड)

आमचा हंगाम कुवेतमध्ये. अब्बा १९८४ ला गेले. गल्लीत दोन घरं सोडली तर प्रत्येक घरचा एक तरी माणूस आखातात किंवा जहाजावर. ऑगस्ट १९९० मध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि आमच्याकडे पैसा एका दिवसात थांबला. अब्बा जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानानं परत आले, अंगावरच्या कपड्यांनिशी. तिकडच्या बँकेतली शिल्लक तिकडेच. अम्मीनं कोंबड्या आणि शिलाई मशीन यांवर दीड वर्ष काढलं. युद्ध सरल्यावर ते पुन्हा गेले.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये डॉलर अडुसष्ट रुपयांवर गेला तेव्हा टीव्हीवर काळजीचे चेहरे होते आणि आमच्या गल्लीत पैसे पाठवायची घाई. दिनारही वधारला होता. आमच्या घराचा वरचा मजला त्याच वर्षीचा. पण गंमत बघा, सगळ्यांनी एकदम घरं काढली म्हणून चिरा (बांधकामाचा जांभा दगड) महाग, गवंडी मिळेना, आणि डिझेल वाढल्यानं खाणीवरून चिरे आणायचं भाडंही वाढलं. रुपया पडून जे कमावलं त्यातलं बरंचसं गवंड्यानं आणि ट्रकवाल्यानं नेलं.

आता भाऊ तिकडे आहे. पैसे मिनिटात येतात. पूर्वी ड्राफ्ट यायचा, तो वटायला वेळ लागायचा, म्हणून अम्मीला शिल्लक ठेवायची सवय होती. आता पाठव म्हटलं की येतात, त्यामुळे शिल्लकही नाही.

चाकरमानी (नालासोपारा, मूळ गुहागर)

आजोबा लालबागला गिरणीत. गावाला महिन्याची मनिऑर्डर जायची, म्हणजे त्या काळी आमचं गावचं घर खरं तर 'पगारी' होतं. शेती पोटापुरती, रोख रक्कम मुंबईची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. मनिऑर्डर आधी निम्मी झाली, मग बंद. आजोबा गावी आले, पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. आजी सांगायची की वाण्यानं पहिलं वर्ष उधार दिलं, दुसऱ्या वर्षी त्याचंच दुकान बसलं, कारण वाडीतली सगळी घरं एकाच मुंबईवर अवलंबून.

मी आईला फोनवरून पैसे पाठवतो. मोठा खर्च गणपतीचा. रेल्वेचं आरक्षण खुलं होतं आणि मिनिटांत प्रतीक्षायादी, मग खासगी बस मागेल ते भाडं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून बायको-मुली लाल डब्यानं आणि मी मिळेल त्यानं. महामार्गाचं रुंदीकरण २०११ ला सुरू झालं तेव्हा थोरली बालवाडीत होती. आता ती कमावती आहे. रस्त्याचं तुम्हीच बघा.

गावच्या घराची डागडुजी मीच करतो, पण कर्ज मिळत नाही. सातबारावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं, त्यातली कित्येक माणसं हयात नाहीत.

आबा (कुडाळ)

टायपिंग नातू करता. आमचो हिशोब सोपो. गड्याक पाचशे-सहाशे मजुरी, वर च्या-जेवान. टिलराचा भाडा वेगळा. कापणीक पाऊस, नायतर माकडां. इतक्या करून भात घरात इला तर तो बाजारापेक्षा म्हाग पडता, आणि रेशनवर तांदूळ फुकट. म्हणान मळे पडीक. पण रेशनचो तांदूळ सुरय. पेजेक उकडोच व्हयो, तो इकत घेवचो लागता. म्हणान भाताचे दोन कुणगे (वाफे) अजून करतव, पेजेपुरते.

बाजारपेठ (चिपळूण)

वाण्याची बाजू. २२ जुलै २०२१ ला पाणी पहिल्या मजल्याला टेकलं. गणपतीसाठी भरलेला माल गेला, उधारीची वही गेली. काही गिऱ्हाइकांनी आपण होऊन रक्कम सांगितली आणि आणून दिली, काही अजून समोरून जाताना फोनवर बोलतात. पण कायमचा फटका निराळाच. पूर्वी जूनमध्ये घाऊक माल भरून ठेवायचो, स्वस्त पडायचा. आता जून ते सप्टेंबर आठवड्यापुरताच आणतो. दर चढा, फेऱ्या जास्त. वर हर्णैच्या ताईंनी पावसाळ्यातल्या उधारीचं लिहिलंय. उधार द्यायला आधी दुकानात माल लागतो.

रापण (तारकर्ली)

घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतो. दिवाळी, नाताळ, मे. मेअखेरीला जलक्रीडा बंद होतात, त्या थेट सप्टेंबरला सुरू. २०२५ ला पाऊस लवकर आला. मेचा शेवटचा, म्हणजे भरलेला आठवडा गेला आणि आगाऊ घेतलेले पैसे परत करावे लागले, तेही खर्च होऊन गेल्यावर.

एक गोष्ट कोणी बोलत नाही. पर्यटक सुरमई-पापलेट मागतो, त्यामुळे मेमध्ये बंदरावर सुरमईचा लिलाव गावातल्या माणसाच्या हाताबाहेर जातो. मी सुरमईची थाळी विकतो आणि घरात तारली खातो. तक्रार नाही, तारली मला आवडते. पण ज्यांच्या घरी खोल्या नाहीत त्यांनी हा भाव का सोसावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

काजूगर (वेंगुर्ला)

धागाकर्त्याचा मुद्दा काजूत उघडा दिसतो. बाग वेंगुर्ला ४ आणि ७ ची, इथल्याच संशोधन केंद्राची वाणं. बी पडते मार्च ते मे. कारखान्यांना आफ्रिकेतून आयात बीही मिळते, त्यामुळे इथला भाव इथल्या पिकावर ठरत नाही. बी वाळवली तर टिकते. ज्याच्या घरी पेन्शन किंवा पगार आहे तो गणपतीपर्यंत थांबतो आणि बहुतेकदा किलोमागे चार पैसे जास्त घेतो. ज्याला जूनची फी भरायची आहे तो एप्रिलात भाव पडलेला असताना घालतो. बी तीच, बागही शेजारची.

दोन वर्षं आम्ही शेतमाल तारण योजनेत बी ठेवतोय. गोदामात माल ठेवायचा, त्या दिवशीच्या भावानं ठरलेल्या टक्क्यांत उचल मिळते, भाव आला की विकून फेडायचं. आमच्या बचतगटातल्या काही जणी दीड हजाराचे 'लाडकी बहीण'चे हप्ते साठवून तेवढ्यापुरती फी भागवतात आणि बी थांबवतात, तेही चालतं.

सड्यावरचा

तारणाला सातबारा लागतो का? आमचा सामाईक आहे.

काजूगर (वेंगुर्ला)

आमच्याकडे मागितला, आणि त्यावर काजूची नोंद आहे का तेही पाहिलं. ई-पीक पाहणी (फोनवरून पिकाची नोंद) केली नसेल तर आधी ती करा. सामाईक असेल तर बाकीच्यांची संमती लागेल, त्यातल्या मुंबईकरांना गणपतीत गाठा. आणि ओली बी नेऊ नका. पोतं हलवल्यावर खुळखुळली नाही तर दारातूनच परत पाठवतात.

पोफळी (श्रीवर्धन)

सुपारी घेतात का?

काजूगर (वेंगुर्ला)

योजनेत आहे. तुमच्या बाजार समितीचं गोदाम चालू आहे का, ते आधी विचारून घ्या.