आजोबांच्या माळ्यावर सापडलेली ३२ खड्ड्यांची फळी, हा कसला खेळ?

तिरफळ:
मंडळी एक मदत हवीये. गणपतीच्या आधी गावचं घर रंगवायला काढलंय (देवगड तालुका), म्हणून माळा उपसत होतो तर आबांच्या म्हणजे माझ्या आजोबांच्या हत्यारांच्या पेटीखाली एक जाडजूड फळी निघाली. साग नाही हे नक्की, सुताराच्या घरातले आहोत, एवढं कळतं. तिच्यावर चार ओळी, एकेका ओळीत वाटीसारखे आठ खड्डे, एकूण ३२. मधल्या दोन ओळींत एकेक खड्डा तेवढा चौकोनी, बाकी गोल. सोबत पिशवीत सागरगोटे, मोजले तर ६१.

आबा १९५० च्या सुमारास, विशीत असताना सुतारकामाला मोंबासाला (केनिया) गेले आणि १९६८ ला परत आले. "करंजातनं गेलो" असं सांगायचे म्हणजे उरणजवळच्या करंजातून बोट पकडली असावी. तिथे हाल झाले असतील, पण आमच्यापर्यंत फक्त गमतीच आल्या. रंधा मारताना निघणाऱ्या लांब कुरळ्या ढलप्या आम्हा पोरींच्या कानांवर अडकवायचे आणि "चला, मडमा तयार झाल्या" म्हणून आजीसमोर उभं करायचे. दशावतार असला की पहाटेपर्यंत पहिल्या रांगेत, आणि दुसऱ्या दिवशी खळ्यात पंचा डोक्याला गुंडाळून स्वतःच संकासुर. तिकडच्या कारखान्याच्या दारात दोन सिंह येऊन बसायचे आणि त्यांना आयाळच नव्हती ही गोष्ट तर शंभरदा ऐकलीय.

आणि कुणी घाईघाईत जेवायला लागलं किंवा करवत वाकडी मारली की हात जोडून, भटजींसारखा सूर लावून म्हणायचे "हराका हराका हाइना बाराका" आणि आम्ही सगळी "स्वाहा" म्हणून ओरडायचो. हा आबांनी बनवलेला मंत्र असंच मी आजवर समजत होते. या फळीवर आमच्याशी खेळल्याचं अंधुक आठवतंय, ते कायम जिंकायचे, पण नियम अजिबात आठवत नाहीत. कुणाला माहितेय का?

बाबल:
अहो मंत्र कसला, ती स्वाहिली म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या भाषेतली म्हण आहे :) मी आठ वर्षं दार-ए-सलामला नोकरीला होतो, तिकडे उठता बसता ऐकायला मिळते. हराका म्हणजे घाई, हाइना म्हणजे नाही, आणि बाराका म्हणजे आपलीच बरकत, दोन्हीकडे अरबीतून आलेली. घाई केली की बरकत नाही. स्वाहा मात्र तुमचं!

फळी म्हणजे 'बाओ'. तिकडे झाडाखाली म्हातारे तासन् तास खेळत बसतात, आजूबाजूला फुकटचे सल्लागार दहा. दोघांना दोन दोन ओळी. चौकोनी खड्ड्याला न्युंबा म्हणतात, म्हणजे घर. पूर्ण खेळाचे नियम डोक्याला ताप आहेत, पण शिकाऊ लोकांसाठी सोपा प्रकार आहे. प्रत्येक खड्ड्यात दोन दोन बिया घालायच्या, आपल्या बाजूचा एक खड्डा उचलायचा आणि पुढे एकेक पेरत जायचं. शेवटची बी आपल्या पुढच्या ओळीतल्या भरलेल्या खड्ड्यात पडली आणि समोरच्याचा त्याच्यासमोरचा खड्डाही भरलेला असला, तर त्यातल्या बिया आपल्या, त्या आपल्या बाजूला पेरायच्या. ज्याची पुढची ओळ रिकामी झाली तो हरला.

आणि गंमत म्हणजे तिकडे ज्या बिया वापरतात त्यांना कोम्वे म्हणतात, आणि कोम्वे म्हणजे आपला सागरगोटाच, तेच काटेरी झुडूप. आजोबांना इकडे आल्यावर शोधाशोध करावी लागली नसणार. पण बिया ६४ लागतात, तुमच्या तीन कमी आहेत.

सुतारपक्षी:
भारी धागा. आमच्याकडे तीन पिढ्या हाच धंदा, म्हणून राहवलं नाही. स्वाहिलीत रंध्याला 'रांडा' म्हणतात (इकडे सांभाळून उच्चारा हो) आणि पटाशीला 'पाटासी'! हत्यारं गेली तशी नावंही आपल्याच बाजूच्या कारागिरांबरोबर समुद्रापार गेली. दुकानाला डुका, गाडीला गारी, रंगाला रांगी. कारागिराला फुंडी म्हणतात, तुमच्या आबांना तिकडे सगळे फुंडीच म्हणत असणार. फळीचा फोटो टाका ना, मव्हुले असेल, तिकडचं सागासारखं टिकाऊ लाकूड, जुनं झालं की काळपट पडतं.

गलबत:
दोन दुरुस्त्या. एक, करंजा हे बोटीचंच नाव. बी.आय. (ब्रिटिश इंडिया) या बोट कंपनीच्या 'करंजा' आणि 'कंपाला' या दोन जोडबोटी चाळीसच्या दशकाच्या शेवटी बांधल्या, मुंबईहून मोंबासा, झांजिबार, दार-ए-सलाम करत खाली डर्बनपर्यंत फेऱ्या मारायच्या. गरिबाचा प्रवास डेकवर वळकटी पसरून.

दोन, सिंहांच्या बाबतीत आजोबांनी तुम्हाला चक्क शेंडी लावलीय. बिनआयाळीचे दोन सिंह म्हणजे केनियातल्या त्सावोचे, युगांडा रेल्वे बांधताना मजुरांना खाणारे, ते १८९८ ला मारले, आता शिकागोच्या म्युझियममध्ये पेंढा भरून ठेवलेत. तेव्हा तुमच्या आबांचे वडील तरी जन्मले होते का विचारा.

१९६८ चं म्हणाल तर, १९६३ ला केनिया स्वतंत्र झाल्यावर नागरिकत्व घ्यायला दोन वर्षं दिली होती, ज्यांनी घेतलं नाही त्यांना १९६७ च्या कायद्याने वर्क परमिट लागू झालं. १९६७-६८ या दोन वर्षांत हजारो लोक निघाले.

तिरफळ:
सगळ्यांचे खूप खूप आभार, सिंहांचं वाचून हसू की रडू कळेना, चौथीत असताना मी वर्गात उभं राहून ती गोष्ट सांगितली होती!! रंध्याचं आत्ता डोक्यात प्रकाश पडला. आबा रंधा मागताना मध्येच तिकडचा शब्द वापरायचे आणि आजी आतून "पोरांसमोर काय बोलताय" म्हणून करवादायची, मग तर ते मुद्दाम मोठ्याने मागायचे.

परमिटबद्दल आबा कधी बोलले नाहीत. कुणी विचारलंच की का आलात, तर "फणस खायला" म्हणायचे.

फोटो उद्या टाकते. काल रात्री लेकीबरोबर सोपे नियम लावून बसले, तीन ठिकाणी चिंचोके घातले. मग आत्याला फोन केला की तीन सागरगोटे कमी आहेत, तुझ्याकडे आहेत का, तर ती हसतच सुटली. म्हणाली, अगं ते पिशवीत कधी नव्हतेच, ते त्याच्या बंडीच्या खिशात असायचे, हरायला लागला की हळूच काढायचा.