मदत हवी आहे : काम सुरू झाल्यावर ड्रॉइंग बदलत असेल, तर नव्या कास्टिंगचा प्रकल्प वेळेत कसा बसवावा?

नमस्कार. मी कोल्हापुरात शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत अकरा वर्षे काम करतो आहे. त्यातली आठ वर्षे मोल्डिंग आणि मशीन शॉपमध्ये गेली. तीन वर्षांपूर्वी नव्या पार्टच्या डेव्हलपमेंटची जबाबदारी माझ्याकडे आली. प्रकल्प व्यवस्थापनाचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही, त्यामुळे जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमचा प्रकल्प म्हणजे एक नवा पार्ट, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून बनवायचा यंत्राचा नवा भाग (कास्टिंग). ग्राहकाचे ड्रॉइंग आले की मेथडिंग होते, म्हणजे धातू साच्यात कोठून सोडायचा आणि रायझर, म्हणजे धातू थिजताना आकसतो तेव्हा जादा धातू पुरवणारे साठे, कोठे ठेवायचे हे ठरते. मग पॅटर्न (ज्याच्याभोवती वाळूचा साचा बनतो तो पार्टच्या आकाराचा ठोकळा) आणि कोअर बॉक्स (आतील पोकळीसाठी वाळूचा गाभा बनवण्याचा साचा) बनतात, नमुना कास्टिंग ओतून मापे आणि आतील पोकळ्या तपासल्या जातात, मशीनिंगच्या वेळी पार्ट पकडून ठेवणारे फिक्श्चर तयार होते आणि शेवटी पीपॅपची (उत्पादन सुरू करण्यापूर्वी पार्टला मंजुरी घेण्याच्या पद्धतीची) कागदपत्रे ग्राहकाकडे मंजुरीसाठी जातात. पूर्वी वर्षाला मोजके पार्ट येत आणि तेच पुढे वर्षानुवर्षे चालत. आता विजेवर चालणाऱ्या गाडीला सिलिंडर ब्लॉक किंवा हेड लागतच नाही, हे डोळ्यांसमोर असल्यामुळे मालकांनी पंप, व्हॉल्व्ह आणि मोटर हाउसिंगची कामे घ्यायला सुरुवात केली आहे. नग कमी, प्रकार जास्त आणि प्रत्येक वेळी नवा ग्राहक, असे हे काम आहे. एका वेळी माझ्याकडे सात-आठ पार्ट वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात.

गेल्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो, कारण माझा प्रश्न त्यातूनच निर्माण झाला आहे. चौदा आठवड्यांचे वेळापत्रक होते. सहाव्या आठवड्यात ग्राहकाच्या पुण्यातील डिझाइन विभागाने पार्टवरच्या एका बॉसची (उंचवट्याची) जागा बदलली आणि सुधारित ड्रॉइंग रात्री साडेनऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले. पॅटर्न करणारे आमचे मिस्त्री त्या गटात नव्हते. तीस वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या त्या माणसाने पुढचे नऊ दिवस जुन्या ड्रॉइंगवर मन लावून काम केले. अ‍ॅल्युमिनियमच्या पॅटर्नवरचा माल काढणे सोपे असते, पण वाढवायचा झाला तर वेल्डिंग करून पुन्हा मशीनिंग करावे लागते. कोअर बॉक्समध्येही पोकळी मोठी करणे सोपे असते, पण लहान करायची झाली तर माल भरावा लागतो. आम्हाला दोन्ही ठिकाणी दुरुस्ती करावी लागली आणि तोवर जुलै उजाडला. गावाकडून येणारी निम्मी माणसे रोपलावणीसाठी रजेवर गेली. पंचगंगा इशारा पातळीकडे सरकू लागली की आमच्याकडे सगळ्यांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळीच्या आकड्यावर लागते, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद पडलेला आम्ही पाहिला आहे. पूर आला नाही, पण पार्ट सात आठवडे उशिरा गेला. मिस्त्रींनी मला एवढेच विचारले, "साहेब, मला एक फोन का केला नाही?" त्यांना देण्यासारखे उत्तर माझ्याकडे नव्हते.

माझे प्रश्न असे आहेत. काम अर्ध्यावर असताना येणारा बदल कोणत्या टप्प्यापर्यंत स्वीकारावा आणि कोठून पुढे नाकारावा? पुण्यातील डिझाइनर, घरून काम करणारा आमचा सिम्युलेशन अभियंता (साच्यात धातू कसा भरेल आणि थिजेल हे संगणकावर आधीच पाहणारा) आणि संगणकाला हात न लावणारे मिस्त्री, या तिघांना एकच वेळापत्रक कसे दाखवावे? उशीर होणार हे दिसू लागले की ग्राहकाला ते केव्हा सांगावे? कृपया केवळ सॉफ्टवेअरचे नाव सुचवू नये. एक विकत घेतले होते आणि दोन महिन्यांनंतर त्यात माझ्याशिवाय कोणीही नोंद करत नव्हते.

प्रतिसाद १

मी गोकुळ शिरगावमधील एका कारखान्यातून नियोजन विभागात काम करून निवृत्त झालो आहे. आपण चौदा आठवड्यांचे वेळापत्रक म्हणता, त्यात कोणती कामे शेवटची तारीख ठरवतात आणि कोणत्या कामांना सवड आहे, हे वेगळे काढले होते का? क्रिटिकल पाथची पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामातून पुढे आली, ती याच प्रश्नासाठी. आपल्या पार्टमध्ये ड्रॉइंग, मेथडिंग, पॅटर्न, नमुना आणि मंजुरी ही साखळी तारीख ठरवते. फिक्श्चरला मधे बरीच सवड मिळते. म्हणून रोज सकाळी फक्त साखळीतल्या कामाची चौकशी करावी. प्रत्येक कामात दोन-दोन दिवस जास्तीचे धरण्याऐवजी ते सगळे दिवस शेवटी एकत्र ठेवावेत आणि त्यांतले किती खर्ची पडले ते फळ्यावर लिहावे. निम्म्याहून जास्त दिवस संपले आणि पॅटर्न अजून पूर्ण नसेल, तर त्याच दिवशी ग्राहकाला कळवावे. जुलैतील लावणी आणि चैत्रातील जोतिबाची यात्रा या तारखा आधीच माहीत असतात, त्या वेळापत्रकात धरल्याच पाहिजेत.

ड्रॉइंगच्या बाबतीत आमचा नियम कडक होता. नवी प्रत देताना जुनी प्रत हातातून परत घेऊन फाडायची आणि मिस्त्रींची सही घ्यायची. फोनवर आलेल्या चित्रावरून काम सुरू करायचे नाही.

प्रतिसाद २

मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम राजारामपुरीतील घरून करते आणि दोन संघांचे नियोजन पाहते. २००१ साली सतरा जणांनी मिळून अ‍ॅजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर थोड्या-थोड्या टप्प्यांत बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, त्यात बदलाचे स्वागत करण्यास सांगितले आहे, आणि आपल्या ग्राहकाच्या तरुण डिझाइनरांची सवय बहुधा तीच असावी. आमच्याकडे चुकीची ओळ बदलायला काही तास पुरतात, म्हणून ते स्वागत परवडते. आपल्याकडे धातू कापला गेलेला असतो. माझ्या मते आपल्या प्रकल्पाचे दोन भाग करावेत. सिम्युलेशन संपेपर्यंत बदल मोकळेपणाने घ्यावेत, किंबहुना ग्राहकाला स्वतःहून विचारून ते बाहेर काढावेत. पॅटर्नसाठी अ‍ॅल्युमिनियम कापण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाकडून लेखी मंजुरी घ्यावी आणि त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला किती दिवस आणि किती रुपये लागतील, हे लिहून दिल्याशिवाय काम सुरू करू नये.

दुसरे, रोज पंधरा मिनिटे पॅटर्न शॉपमध्ये उभ्याने भेटावे. घरून काम करणाऱ्या अभियंत्याने आणि पुण्याच्या माणसांनी तेथे फोनवरून हजर राहावे. मिस्त्रींना कार्यालयात बोलावू नये.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सोमवारपासून पॅटर्न शॉपच्या दाराशेजारी फळा लावला आहे आणि त्यावर प्रत्येक पार्टचा ड्रॉइंग क्रमांक, सुधारणा क्रमांक आणि उरलेले दिवस मिस्त्री स्वतःच्या हाताने लिहितात. पहिल्याच दिवशी त्यांनी एका पार्टची जुनी प्रत शोधून माझ्या हातात आणून दिली.

लेखी मंजुरीबाबत मात्र एक अडचण उरते. ग्राहकाचा डिझाइन विभाग बदल सुचवतो, पण खर्चाला मान्यता देण्याचा अधिकार त्यांच्या खरेदी विभागाकडे असतो आणि तेथून उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर पॅटर्न थांबवला तर उशिराचे खापर आमच्यावर फुटते आणि चालू ठेवला तर खर्च आमच्या अंगावर पडतो. अशा मधल्या काळात तुम्ही काय करता? शक्य असल्यास, ऑर्डर घेतानाच यासाठी कोणती अट लिहून घ्यावी, तिचा मसुदाही कोणी सुचवावा.