डेस्मोप्रेसिनची गोळी आणि रात्रीचं पाणी

प्रश्न (सातारा): मुलगा ७ वर्षांचा. अंथरूण ओलं होतं म्हणून डॉक्टरांनी झोपताना डेस्मोप्रेसिन ०.२ मिग्रॅ दिलीय. उन्हाळ्यात त्याला तहान फार. रात्री पाणी द्यायचं का?

उत्तर १: इथेच खरी काळजी घ्या. गोळी मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावते. वरून पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. गोळीच्या १ तास आधीपासून पुढचे ८ तास फक्त तहानेपुरते दोन-चार घोट. ताक, उसाचा रस, कलिंगड हेही पाणीच! दुपारपर्यंत भरपूर पाजा, म्हणजे रात्री तहान कमी लागते. चुकून जास्त प्यायला तर त्या रात्रीची गोळी सोडा, दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

उत्तर २: उलट्या, जुलाब, ताप असेल तर गोळी बंद ठेवून डॉक्टरांना विचारा. आयब्युप्रोफेनही (ताप-दुखण्यावरचं औषध) मनाने देऊ नका, सोडियम उतरण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही सोडियम उतरल्याची लक्षणं दिसली तर गोळी थांबवा आणि लगेच दाखवा; झटका (फिट) आला तर थेट इस्पितळ.

उत्तर १: आणखी एक, दर ३ महिन्यांनी आठवडाभर थांबवून गरज उरलीय का ते बघतात. डॉक्टरांना तारीख विचारून ठेवा.