एकट्याला शिकवताना आधी चूक वाचा

'वैयक्तिक शिकवणी म्हणजे तोच धडा सावकाश' असं काही जण म्हणतात, ते मत पटत नाही. ४०२ मधून १८७ वजा करून पोरगं ३८५ लिहितं, तेव्हा ते प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढत असतं. चाळीस जणांच्या वर्गात त्यावर नुसती फुली बसते. एकट्याला शिकवताना काड्यांचे गठ्ठे घ्या: शतकाचा एक गठ्ठा सोडवून दहा दशक, त्यातला दशकाचा एक गठ्ठा सोडवून दहा एकक. मग लगेच ५०३ − २४८ द्या आणि गप्प बसा, सुचवू नका. शाब्दिक उदाहरणात अडलं तर ते घरच्या बोलीत, अहिराणीत सांगायला लावा. आपल्या धुळे-जळगावकडे कित्येकदा गणित येत असतं, पुस्तकी मराठीच आडवी येते. कापूस वेचणीच्या दिवसांत बुडालेले धडेही तपासा.