मदत हवी आहे: बाबांची स्क्रॅपबुकमधली पानं नवीन फायरफॉक्समध्ये दिसत नाहीयेत, ऑटो अपडेट बंद करू का?

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक होणारे पण प्लीज शेवटपर्यंत वाचा, नेमकं काय बिघडलंय ते मला दोन ओळीत सांगता येईना.

माझे बाबा ७६ वर्षांचे, कुडाळला असतात, मी पुण्यात. २००६ पासून ते नेटवर दशावतार, पिंगुळीची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या याबद्दल जे काही सापडेल ते साठवून ठेवत आलेत. साठवायचे फायरफॉक्स ब्राउझरच्या स्क्रॅपबुक एक्स्टेन्शनमध्ये (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम), म्हणजे पानावर राइट क्लिक करायचं, कॅप्चर म्हणायचं, की चित्रांसकट अख्खं पान साइडबारमध्ये जाऊन बसायचं. तिथे त्यांनी स्वतःचे कप्पे केलेत, जत्रा, नाटकमंडळ्या, रंगभूषा, आणि बऱ्याच पानांना खाली टिपणं लिहिलीत, कुठल्या गावचा कलाकार, हे गाणं त्यांनी कुणाकडून ऐकलं होतं वगैरे. ती टिपणं दुसरीकडे कुठेच नाहीत. आणि पानं तरी कुठे आहेत, बरीचशी जिओसिटीजवरची होती आणि ते २००९ मध्येच बंद झालं.

दुसरं एक्स्टेन्शन होतं पद्म. तेव्हा मराठी पेपर युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर सारखंच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत) नव्हते, प्रत्येकाचा फाँट वेगळा, आणि इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये फाँट आपोआप यायचा पण फायरफॉक्समध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. पद्म ती खिचडी युनिकोडमध्ये बदलून दाखवायचं. बाबांना ते कुणी शिकवलं माहीत नाही पण वर्षानुवर्षं वापरलंय त्यांनी.

मशीन विंडोज एक्सपीचं होतं, यंदा पावसाळ्यात मदरबोर्ड गेला. दुकानदाराने विंडोज ११ चा नवीन पीसी दिला, जुन्या हार्डडिस्कमधून फायरफॉक्सचं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शनं असलेलं फोल्डर) उचलून नवीन फायरफॉक्सला जोडून दिलं, बुकमार्क आले, पासवर्ड आले, त्यामुळे तो म्हणाला सगळं आलं. पण स्क्रॅपबुकचा साइडबार नाही आणि पद्म पण नाही. बाबांचा फोन आला, "माझी पानां खंय गेली गो?" त्यानंतर मला झोप नाही.

मी एनीडेस्कवरून, म्हणजे दुरून त्यांचा पीसी उघडून, बघितलं. अ‍ॅड-ऑन्समध्ये दोन्ही नाहीत, जुन्या डिस्कवरची एक्स्टेन्शनची फाइल ओढून टाकली तर बसतच नाही. ऑफिसमधल्या एकाने सुचवलं की जुनं फायरफॉक्स ५२ टाक आणि ऑटो अपडेट कायमचं बंद कर. पण बाबा त्याच मशीनवर बँकेचं आणि पेन्शनचं बघतात, म्हणून हात धजत नाहीये. पानं परत मिळतील का, आणि अपडेट बंद करणं बरोबर आहे का, एवढं कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १

ताई, आधी एक करा, आजच करा. जुनी हार्डडिस्क दुकानदाराकडे असेल तर ती परत मागून घ्या आणि तिची अख्खी कॉपी एका बाहेरच्या ड्राइव्हवर काढून ठेवा. नवीन फायरफॉक्सने जे प्रोफाइल एकदा उघडलंय त्यातल्या डेटाबेस फाइली नवीन पद्धतीने बदललेल्या असतात, ते पुन्हा ५२ मध्ये उघडलं तर गोंधळ होईल. ६७ व्हर्जनपासून फायरफॉक्स स्वतःच अडवतं की हे प्रोफाइल नवीन व्हर्जनचं आहे, जुन्यात उघडू नका, पण ५२ मध्ये तो अडसर नाही, ते बिनदिक्कत उघडेल. म्हणून काम करायचं ते मूळ डिस्कवरच्या प्रोफाइलच्या कॉपीवरच.

आता कारण. हे दुकानदाराकडून काही पुसलं गेलंय म्हणून झालेलं नाही. जुनी एक्स्टेन्शनं फायरफॉक्सच्या आतल्या यंत्रणेत थेट हात घालायची, साइडबार, मेनू, फाइली, सगळीकडे. म्हणूनच स्क्रॅपबुकसारखी ताकदवान गोष्ट बनू शकली, पण आतली एक वायर हलवली की कुठलंतरी एक्स्टेन्शन तुटायचं. सुरुवातीला प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये लिहिलेलं असायचं की मी अमुक व्हर्जनपर्यंत चालतो, त्याच्या वर गेलं की बंद. २०११ मध्ये दर सहा आठवड्यांनी नवीन व्हर्जन यायला लागल्यावर लोक फारच वैतागले, कारण अपडेट आपोआप व्हायचं आणि एक्स्टेन्शनवाला मागे राहायचा, मग २०१२ च्या जानेवारीत १० व्हर्जनपासून उलटं केलं, म्हणजे बहुतेक एक्स्टेन्शनं आपोआप चालतील असंच धरायचं. तो तात्पुरता इलाज होता असं माझं मत. शेवटी १४ नोव्हेंबर २०१७ ला ५७ व्हर्जन, ज्याला क्वांटम म्हणतात, ते आलं आणि जुन्या धाटणीची सगळीच एक्स्टेन्शनं बाहेर, फक्त वेबएक्स्टेन्शन, म्हणजे आत हात न घालता ठरवून दिलेल्या चौकटीतच चालणारी नव्या धाटणीची एक्स्टेन्शनं, चालणार असं झालं. सुरक्षेच्या आणि वेगाच्या दृष्टीने ते योग्यच होतं, पण ज्यांचा डेटा एक्स्टेन्शनमध्ये होता त्यांना तो आधी बाहेर काढून घ्यायला हवा होता, आणि ते बाबांना कुणी सांगितलं नसणार.

धागाकर्ती

धन्यवाद, डिस्क मिळाली, भाऊ घेऊन आला घरी. पण एक कळलं नाही, २०१७ मध्ये बंद झालं तर बाबांचं यंदापर्यंत कसं चालू होतं? त्यांनी अपडेट कधीच बंद केलेलं नव्हतं. मधे एकदा २०१९ मध्ये सगळं बंद पडलं होतं एवढं आठवतं, तेव्हा भाच्याने सेटिंगमध्ये काहीतरी बदलून दिलं होतं.

प्रतिसाद २

कारण एक्सपी. ५२ हे एक्सपी आणि व्हिस्टावर चालणारं शेवटचं फायरफॉक्स, आणि त्या मशीनना मोझिलाने, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांनी, आपोआप ५२ च्या ईएसआर म्हणजे लांब मुदतीच्या शाखेवर नेऊन ठेवलं. जून २०१८ मध्ये ५२.९.० आलं आणि तिथेच थांबलं. बाबांच्या मशीनवर अपडेट चालूच होतं, पुढे जायला जागाच नव्हती.

२०१९ चं पण सांगतो. मे महिन्याच्या सुरुवातीला एक्स्टेन्शन खरं आहे हे दाखवणारी मोझिलाची डिजिटल सही करायचं एक मधलं सर्टिफिकेट मुदत संपून बाद झालं आणि जगभरात फायरफॉक्सची एक्स्टेन्शनं एका रात्रीत बंद पडली, नवीन व्हर्जनवाल्यांना ६६.०.४ ने दुरुस्ती मिळाली. तुमच्या भाच्याने बहुतेक सही तपासायची सेटिंग बंद केली असणार, ईएसआरमध्ये ती बंद करता येते.

आणि म्हणूनच तुमच्या ऑफिसमधल्या माणसाचा सल्ला आहे तसा पाळू नका. एक्सपीवर ५२ ला पुढे वाट नव्हती, विंडोज ११ वर आहे. तिथे टाकलंत आणि नेट चालू असलं की ते अपडेट शोधणार, वर जाणार आणि पुन्हा तेच. शिवाय त्याला २०१८ नंतर सुरक्षेची एकही दुरुस्ती मिळालेली नाही, त्यावर बँक उघडणं म्हणजे दार सताड उघडं टाकून झोपणं. रोजचं फायरफॉक्स आहे तसं अपडेटसकट राहू दे.

प्रतिसाद ३

मी स्वतः २०१८ मध्ये यातून गेलोय, तेव्हा धीर धरा, पानं शंभर टक्के आहेत. स्क्रॅपबुक काही गुप्त फॉरमॅटमध्ये ठेवत नाही. प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये स्क्रॅपबुक नावाचं फोल्डर बघा, त्यात डेटा, आणि डेटामध्ये चौदा आकडी नावांची फोल्डरं, ते आकडे म्हणजे साठवल्याची तारीख आणि वेळ. प्रत्येकात इंडेक्स नावाचं एचटीएमएल पान. डबल क्लिक करा, कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडेल. कप्प्यांची रचना आणि टिपणं वेगळ्या आरडीएफ फाइलमध्ये असतात, ती नुसती वाचायला किचकट आहे.

कप्प्यांसकट हवं असेल तर ५२ एकदाच, फक्त या कामापुरतं वापरा. नेटची वायर काढा, वायफाय बंद. ५२.९.० ईएसआर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, आणि पहिल्यांदा चालू करतानाच प्रोफाइल मॅनेजरने (कुठलं प्रोफाइल उघडायचं ते निवडायची खिडकी) करा, नाहीतर ते रोजचं प्रोफाइल उघडायचं. त्यात जुन्या प्रोफाइलच्या कॉपीचं फोल्डर दाखवा, ऑप्शन्समध्ये अपडेट कधीच तपासू नको असं करा. मग स्क्रॅपबुकच्या टूल्समध्ये झाडाचं, म्हणजे कप्प्यांच्या यादीचं, एचटीएमएल काढायचा पर्याय आहे, तो चालवला की कप्पे तसेच्या तसे एका पानावर येतात, क्लिक केलं की साठवलेलं पान. ते कायम कुठल्याही ब्राउझरमध्ये चालेल, एक्स्टेन्शन असो नसो. झालं की ५२ काढून टाका.

पुढे साठवत राहायचं असेल तर वेबस्क्रॅपबुक हे नव्या धाटणीचं आहे, जुना डेटा त्यात आणायला पायवेबस्क्रॅपबुक नावाचं पायथनचं टूल लागतं, कुणी जाणतं बसवून देईल. ते पण कॉपीवरच करा. आणि साठवलेलं प्रोफाइलच्या आत नको, साध्या फोल्डरमध्ये ठेवा. आज वेबएक्स्टेन्शन सुरक्षित वाटतात पण क्रोममध्ये मॅनिफेस्ट व्ही२ वाली, म्हणजे जुन्या नियमांवर बनलेली, एक्स्टेन्शनं २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद होत गेलीच, जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन वापरणाऱ्यांना विचारा.

प्रतिसाद ४

पद्मबद्दल. स्क्रॅपबुक पान जसं दिसतंय तसं पकडतं, त्यामुळे पद्मने बदलून झाल्यावर जी पानं साठवली ती युनिकोडमध्येच आलेली असणार, आणि बदलायच्या आधी साठवलेली खिचडीच राहिलेली असणार. खिचडीवाल्या पानांसाठी पद्म लागेलच असं नाही. पान नोटपॅडमध्ये उघडून फाँटचं नाव शोधा, तो फाँट विंडोजमध्ये टाका, पान पुन्हा उघडा. बहुतेक वेळा चालतं. फक्त त्यातला मजकूर शोधता येणार नाही की कॉपी करता येणार नाही, त्यासाठी युनिकोडमध्ये बदलावंच लागेल.

धागाकर्ती

मंडळी, शनिवारी कुडाळला गेले आणि तीन नंबरच्या दादांनी सांगितलं तसं सगळं केलं, आधी दोन कॉपी काढल्या, एक भावाकडे ठेवलीय. डेटा फोल्डरमध्ये २,३०० च्या वर फोल्डरं निघाली. ५२ नेट बंद करून चालू केलं आणि साइडबारमध्ये बाबांचे सगळे कप्पे जसेच्या तसे दिसले, तेव्हा बाबा खुर्ची ओढून माझ्या बाजूला येऊन बसले आणि रात्री साडेअकरापर्यंत एकेक पान उघडून मला सांगत होते, हा कलाकार आता नाही, ह्या जत्रेला मी तुला खांद्यावर घेऊन गेलो होतो. टिपणं पण आलीत, पण एचटीएमएलच्या झाडात ती दिसत नाहीत, पान उघडल्यावर पण नाही, म्हणून मी ती ५२ मधूनच हाताने एका वर्डच्या फाइलमध्ये उतरवतेय, साधारण ४०० आहेत, निम्मी झाली. तेवढी होईपर्यंत ५२ ठेवलंय, नेट बंद करूनच उघडते. रोजचं फायरफॉक्स अपडेटसकट चालू आहे, बँक तिथेच.

फाँटचा उपाय पण लागू पडला, शिवाजी फाँट टाकल्यावर बरीच खिचडी सरळ झाली. पण चाळीसेक पानं एका पेपरच्या पुरवणीतली आहेत, त्यांचा फाँट कुठे मिळेना, पेपरची ती जुनी साइटच आता नाही. कुणाकडे त्या काळातल्या मराठी पेपरांचे फाँट जुन्या सीडीवर किंवा जुन्या मशीनमध्ये पडून असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाँटचं नेमकं नाव तिथे कळवते. त्या पानांमध्ये बाबांच्या गुरुजींची मुलाखत आहे.